टकीला आणि व्हिस्की एकाच बैठकीत: क्रम कसा लावायचा?

प्रश्न: ब्लांको (न मुरवलेली टकीला), अन्येहो (मुरवलेली टकीला), एक बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि एक पीटेड स्कॉच (धुरकट वासाची स्कॉटिश व्हिस्की) शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आहेत. तिसऱ्या ग्लासानंतर सगळं सारखंच लागतं. काय चुकतंय?

प्रतिसाद १: क्रम आणि माप. प्रत्येकी १५ मिली पुरे. आधी ब्लांको, पीटेड अगदी शेवटी. तिचा धूर जिभेवर बसला की अगावे, म्हणजे टकीला ज्या वनस्पतीपासून बनते तिची चव, शोधूनही सापडत नाही. मीठ-लिंबू तर आणूच नका. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर अल्कोहोलनेच नाक बधिर होतं.

प्रतिसाद २: मधे अन्येहो आणि बर्बन लागोपाठ घ्या, खरी गंमत तिथे आहे. अन्येहो ओकच्या पिंपात किमान १ वर्ष मुरते, आणि ते पिंप बरेचदा बर्बनचंच जुनं असतं. म्हणून व्हॅनिला दोन्हीत. गिळल्यावर मिरीचा चटका आणि भाजलेल्या रताळ्यासारखा गोडवा उरला तर तो अगावेचा. लेबलवर ‘१०० टक्के अगावे’ नसेल तर तुलना फुकट. आंबवलेल्या साखरेपैकी ४९ टक्क्यांपर्यंत अगावेची नसलेली, दुसरी असू शकते.

प्रतिसाद ३: पाणी ड्रॉपरने. ४० टक्के अल्कोहोलवालीला २-३ थेंब, ५५च्या पुढे अर्धा छोटा चमचा. बर्फ नको, वास दबतो.