शिंप्याचं घरटं: तुम्ही पाहिलेलं सांगा

बाल्कनीतल्या जास्वंदीवर यंदा शिंप्याने बिऱ्हाड थाटलंय. पक्षी चिमणीहून लहान, हिरवी पाठ, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी सदा ताठ. आवाज मात्र अख्ख्या वाडीला पुरेल एवढा! दोन पानांच्या कडा टोचून धाग्याने जोडल्यात. आपली शिवण सलग असते, इथे दर भोकात वेगळा धागा. बाहेर आलेलं टोक पिंजून त्याचं बोंड झालंय, म्हणून तो परत सरकत नाही. गाठ म्हणून नाही कुठे. तुम्हीही लिहा. फोटोच्या नादात जवळ मात्र जाऊ नका.

*

आमच्या विहिरीवरच्या बाभळीला असली दहा-बारा घरटी लोंबतायत, लांब नळीवाली.

*

दादा, ती सुगरणीची. शिंप्याचं लोंबत नाही. तो पानांचा द्रोण करतो आणि आत मऊ घरटं भरतो.

*

चिपळूणला आईने वाती वळायला कापूस ओसरीवर ठेवला होता. दुपारभर कुणीतरी चिमूटचिमूट नेत होतं. आईचा संशय माझ्या मुलीवर! आठवड्याने परसातल्या अळूत सापडला. कापसाबरोबर कोळ्याच्या जाळ्याचे तंतूही होते. गंमत म्हणजे शिवूनही पान हिरवंगार. ते जिवंत असतं म्हणूनच बाकीच्या पानांत लपून जातं. मी रोज त्यावरूनच नळी फिरवत होते.

*

माझा अनुभव वाईट आहे. वांग्याच्या पानात तीन अंडी होती. भारद्वाज येऊन गेला. त्याला शुभशकुन म्हणतात, मला त्या दिवशी काही तसं वाटलं नाही.

*

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीने कुंपणाची छाटणी केली. फांदी खाली पडल्यावर कळलं आत काय होतं. आता जून ते ऑगस्ट छाटणी नको, असं माळीकाकांना मीच सांगून ठेवते.

*

(जास्वंदवाली पुन्हा.) अंडी घातल्यावर बारा-तेरा दिवसांनी पिल्लं निघाली. मग दोघंही सकाळपासून अळ्या आणत होती. माझ्या कढीपत्त्यावरची एकही उरली नाही. मी कुंडीला लांबूनच, तांब्याने पाणी घालत होते. काल तिन्ही पिल्लं समोरच्या लिंबावर रांगेत बसलेली दिसली, शेपट्या अजून अर्ध्याच. द्रोण रिकामा आहे, पण शिवण शाबूत. काढवत नाहीये.