घाट आणि हिंजवडी, दोन्हींसाठी छोटी आलिशान एसयूव्ही: क्यू३, एक्स१ की जीएलए?

प्रश्न : घाटवेडा

राहायला पुण्यात असल्यामुळे एरवी गाडी हिंजवडीच्या गर्दीत अडकलेली असते. मात्र दर महिन्याला उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट आणि चिपळूण या मार्गाने गुहागरला जाणे होते. ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१ आणि मर्सिडीज जीएलए यांपैकी एक गाडी घेण्याचा विचार आहे. चालक ठेवणार नाही, कारण हौस चालवण्याचीच आहे. या गाड्यांचा स्पोर्टीपणा स्टिअरिंग हातात असणाऱ्याला खरोखर जाणवतो का? मागे आई बसते आणि तिचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर : चारचाकी

जाणवतो, पण इंजिन पाहून गाडी निवडली तर. २०२२ मध्ये भारतात आलेल्या क्यू३मध्ये २ लिटरचे, १९० पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) टर्बो पेट्रोल इंजिन आणि क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी प्रणाली आहे. पावसाळ्यात कुंभार्लीच्या ओल्या वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या चाकांवरचा थोडा भार मागची चाके उचलतात आणि गाडी वळणाबाहेर ढकलली जात नाही. २०२३च्या पेट्रोल एक्स१चे इंजिन मात्र दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे आणि १३६ पीएसचे आहे, शिवाय जोर फक्त पुढच्या चाकांना मिळतो. बाहेरून एम स्पोर्ट या बीएमडब्ल्यूच्या स्पोर्टी रूपाचा साज कितीही चढवला तरी चढावर ट्रक ओलांडताना हा फरक लपत नाही.

उत्तर : डिझेलप्रेमी

चढाचाच विषय असेल तर जीएलए २२०डी ४मॅटिक, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी डिझेल जीएलए चालवून पाहावी. तिचा ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, कमी आरपीएमलाच (इंजिन हळू फिरत असतानाच) हाताशी येत असल्यामुळे सारखे गिअर उतरवावे लागत नाहीत. पेट्रोल क्यू३चा टॉर्क ३२० आहे. डिझेल एक्स१ही ३६० देते, पण तिथेही पुढचीच चाके ओढतात. मात्र महाराष्ट्रात डिझेल गाडीचा वाहनकर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. शिवाय नुसत्या रखडत्या, कमी अंतराच्या फेऱ्यांत धुराच्या नळीतील डीपीएफ गाळणीत काजळी साचते. ती जाळण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकसलग पळवावी लागते. तुमच्या गुहागरच्या फेरीत ते काम होईल, पण मधल्या काळात इशाऱ्याचा दिवा लागल्यास गुहागरची वाट पाहत बसू नये.

उत्तर : मागचे आसन

वरच्या दोन्ही उत्तरांत आईंचा विचार राहून गेला. २०१५ च्या दुसऱ्या पिढीपासून एक्स१ची बांधणी फ्रंट व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या रचनेच्या पायावर झाली; जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली, पण मागे बसणाऱ्याच्या पायांना जागा मिळाली. या बाबतीत मला तिन्हींमध्ये तीच उजवी वाटते. दुसरे असे की तिन्ही गाड्यांत ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. घाटात तो झटकन गिअर बदलतो आणि सुखावतो, पण हिंजवडीत पावलापावलाने सरकताना किंचित अडखळू शकतो. मोठी चाके आणि कमी उंचीचे टायर वळणात पकड देतात, तर खड्ड्याचा दणका थेट कमरेपर्यंत पोहोचवतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला आईंना मागे बसवून जुन्या कात्रज घाटाचाच आग्रह धरावा, आणि परतताना मुद्दाम संध्याकाळच्या गर्दीतून यावे. स्टेपनी मिळते की पंक्चर किटवर भागवावे लागते, हेही बुकिंगपूर्वी डिकी उघडून पाहावे, कारण पाटण सोडल्यावर रात्री टायर कापला गेला तर किटचा उपयोग होत नाही.