‘माख सिग्नाल!’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कुर्ट होफमान यांच्या ‘इश डेंके ओफ्ट आन पिरोश्का’ (१९५५) या प्रेमविनोदी सिनेमासाठी हौसेखातर मराठी उपशीर्षकं लिहितेय. १९२५ साली आंद्रेआस ऊर्फ आंदी हा जर्मन विद्यार्थी हंगेरीतल्या खेड्यात येतो नि स्टेशनमास्तरच्या पोरीच्या, पिरोश्काच्या (लिझेलोटे पुल्व्हर) प्रेमात पडतो. तिचं मोडकं जर्मन वाक्य, ‘माख सिग्नाल!’, प्रेक्षकांच्या तोंडी बसलं. शब्दशः ‘कर सिग्नल’. मराठीत?

– सरळ ‘सिग्नल दे’. यात कसली चर्चा?

– ‘दे’ फारच शहाण्यासारखं वाटतं हो. गावाकडच्या स्टेशनावर आम्ही ‘सिग्नल पडला, गाडी येतेय’ म्हणायचो. ‘सिग्नल पाड!’ लिहा ताई, लगेच रूळ दिसतात.

– रेल्वेत उमेदीची वर्षं गेली म्हणून बोलतो. आपल्याकडच्या जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की थांबा, खाली झुकला की जा. ‘पडला’ आलं ते त्यातून. जर्मन पद्धतीत मोकळ्या रस्त्याला हात वर तिरका उठतो. म्हणजे तिथे सिग्नल पडत नाही, चढतो! शिवाय पुढे पिरोश्का सिग्नल लावून गाडी थांबवते. तिथे ‘पाड’ लिहिलंत तर आपला माणूस म्हणणार, गेली गाडी.

– काका, मग ‘सिग्नल लाव’? थांबवण्यालाही चालेल, सोडण्यालाही.

– चालेल, पण त्यात मोडकेपणा कुठाय? जर्मनमध्ये नामाआधी ‘डेर, डी, दास’ पैकी एक लागतं, ते ती गाळते. मराठीत तसं काही नसल्यामुळे गाळायला काहीच उरत नाही. पण एक वाट आहे. हंगेरियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही, ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही ‘ओ’सारखा एकच शब्द. जर्मनमध्ये तीन लिंगं, आपल्यातही तीन. म्हणजे तिची ठेच आपल्या लिंगांवर लागू द्या : ‘आंदी, माझी सिग्नल लाव!’ मला तरी हेच पटतं. फक्त प्रत्येक वाक्यात नको, नाहीतर पोर बावळट वाटेल. ती चांगली चलाख आहे.

प्रश्नकर्ती : ‘माझी सिग्नल लाव’ घेते. आणि स्टेशनचं नाव? होदमेझ्योवाशारहेयकुतशिपुस्ता. पडद्याच्या एका ओळीत मावत नाही!

– तोडू नका, लांबी हाच विनोद आहे. दोन ओळी खर्च करा. ‘पुस्ता’ म्हणजे माळरान. नावाचं भाषांतर करू नका, संवादात मात्र नुसतं ‘पुस्ता’ आलं तर ‘माळ’ लिहा. आणि उच्चार जपा, हंगेरियनमध्ये एकटा ‘एस’ म्हणजे श, ‘एसझेड’ म्हणजे स. म्हणूनच ती ‘पिरोस्का’ नाही, पिरोश्का.