प्रतिसाद : कुणालाही न सोडणारी राईड

सायकलची नो-ड्रॉप राईड, म्हणजे कुणालाही मागे न सोडता सगळ्यांनी मिळून केलेली राईड. 'त्यात सगळ्यांनी रमतगमत जायचं' असं एकाने लिहिलंय, ते अर्धंच खरं. वेग आधीच ठरवून सांगायचा, म्हणजे नवख्यांसाठी ताशी १८-२० आणि सरावलेल्यांसाठी २५ च्या पुढे. पुढे एक, सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस, आणि मागच्याकडे पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी). गडबड होते ती थांब्यावर. शेवटचा पोचला रे पोचला की पुढचे निघतात, त्यामुळे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. शेवटच्याचं पाणी पिऊन झालं की मग पाच मिनिटं मोजा.

आणखी एक, आपल्याकडे बाभळीचे काटे. ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने (जपून!) चाचपा, काट्याचं टोक राहिलं तर नवी ट्यूबही पंक्चर होते.

ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडचं, गणित वेगळं. २०० किमीला साडेतेरा तास, आणि थांबे त्यातच धरलेले. तिथे कुणी कुणासाठी थांबायला बांधील नाही. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात मात्र कुठलीही साधी राईड पहाटे पाचला निघून नवाच्या आत घरी.