निनावी कबुल्यांवरील लघुपटात किती तपशील ठेवावा?

तळ्याकाठी (प्रश्न)
नमस्कार. सोलापुरातील आम्ही पाच जण निनावी कबुल्यांवर वीस मिनिटांचा लघुपट करीत आहोत. एका वाचनालयात आणि दोन चहाच्या टपऱ्यांवर कुलूपबंद पेट्या ठेवून 'आजवर कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट नाव न घालता लिहा' एवढेच आम्ही त्यांवर लिहिले होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत चिठ्ठ्या आल्या, पण एका चिठ्ठीपाशी काम अडले आहे. एका बाईंनी लिहिले आहे की, नवऱ्याचा माग बंद पडला त्या वर्षी त्यांनी शेजारणीच्या सुपातील कापलेली पाने उचलून आपली हजार बिडी पुरी केली. शेजारणीची बिडी कमी भरली, तिची मजुरी कापली गेली आणि या गप्प राहिल्या. चिठ्ठीत बोळ आणि वर्ष दोन्ही आहे. येथे मी ते दिलेले नाही. तपशील काढले तर कबुली कोरडी होते, ठेवले तर बाई ओळखू येतील. काय करावे?

ध्वनिवेडा
आवाजापासून सुरुवात करा. कुणी बोलून कबुली दिली असेल, तर यंत्राने आवाज जाड किंवा बारीक करून भागत नाही, कारण तो बदल बऱ्याचदा उलटा फिरवता येतो आणि फिरवला नाही तरी बोलण्याची लय तशीच राहते. आपल्याकडे मराठीला कन्नड आणि तेलुगू हेल लागलेले असतात. दोन वाक्यांत माणूस कोणत्या पेठेतला, हे कळते. म्हणून सर्व कबुल्या दुसऱ्यांकडून वाचून घ्या, मात्र पुण्याच्या घोटीव उच्चारात नको. चिठ्ठीचे अक्षरही पडद्यावर दाखवू नका.

वकिलीण_बाळीवेस
एक सावधगिरी आधी सांगते. एखाद्या चिठ्ठीतून लहान मुलावरील लैंगिक अत्याचार समजला, तर गुप्ततेचे वचन पुढे करता येणार नाही. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न देणे हा कलम 21 प्रमाणे गुन्हा आहे. ही सूचना पेटीवरच असायला हवी होती. निदान आता तरी लावा.

बिडीच्या चिठ्ठीबद्दल म्हणाल, तर लघुपटात बाईंचा धंदाच बदलून दाखवावा, असे माझे मत आहे.

सुपातली_पाने
ताईंच्या या मताशी मी सहमत नाही. माझी आई चाळीस वर्षे बिड्या वळत होती. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून दोरा बांधायचा आणि कारखान्यात नेल्यावर तपासनीस किती बिड्या छाटून टाकील याची धास्ती घ्यायची; मूठभर पाने गेली म्हणजे काय गेले, हे त्या धास्तीशिवाय प्रेक्षकाला समजणार नाही. बोळ काढा, वर्ष काढा, पण सूप ठेवा. अशी घरे सोलापुरात हजारोंनी आहेत. तेवढ्यावरून गाव त्या बाईंना ओळखणार नाही.

शेजारीण मात्र ओळखेल, कारण त्या दिवसाची मजुरी तिचीच गेली होती. मला वाटते, खरा प्रश्न इथे आहे. कदाचित बाईंना तिच्यापर्यंतच पोहोचायचे असेल, कदाचित तिच्याचपासून लपायचे असेल. हे तुम्ही पाच जणांनी ठरवू नये. ज्या टपरीवर ती चिठ्ठी मिळाली, तिथे पेटी पुन्हा ठेवा आणि 'आपली चिठ्ठी परत घ्यायची किंवा बदलायची असल्यास त्याच अक्षरात पुन्हा लिहा' अशी पाटी लावा.

तळ्याकाठी
सर्वांचे मनापासून आभार. शेजारणीच्या बाजूने आम्ही विचारच केला नव्हता. पॉक्सोची सूचना चारही भाषांत लिहून घेतली आहे. पाटी उद्या लागेल आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत राहील. तोवर तो प्रसंग चित्रित करणार नाही, आणि बाईंनी चिठ्ठी परत मागितली, तर उरलेल्या कबुल्यांवरच लघुपट पुरा करू.