मोसमाच्या उत्तरार्धात कोचने किती ढवळाढवळ करावी?

साऊथ_जर्सीकर

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचे २०२३ आणि २०२४ हे लागोपाठचे दोन मोसम शेजारी ठेवले की माझं मत आणखी पक्कं होतं. हेड कोच तोच, निक सिरियानी. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार, तोच, जेलन हर्ट्स. २६ नोव्हेंबर २०२३ ला बफलोला ओव्हरटाइममध्ये ३७-३४ असं हरवलं तेव्हा संघ १०-१ (दहा विजय, एक हार) होता. पुढच्या सहापैकी पाच सामने हरले, मोसम ११-६ वर संपला आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत टॅम्पा बेने ३२-९ असा धुव्वा उडवला. २०२४ ची सुरुवात २-२. मग ओळीने दहा विजय, शेवटी १४-३, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीवर ४०-२२ असा विजय.

माझं म्हणणं असं की डिसेंबरात कोचने संघावर नवीन काही लादू नये, उलट ओझं उतरवावं. सरावातला मार कमी करावा, प्लेबुक (ठरलेल्या चालींचा संग्रह) आटोपशीर करावं, दुखत असलेल्या खेळाडूला वेळेवर बसवावं. आणि हेडसेटमधला आवाज, म्हणजे प्ले कॉल देणारा (पुढची चाल सांगणारा) माणूस, तर मुळीच बदलू नये. २०२३ मध्ये नेमकं तेच झालं. सॅन फ्रान्सिस्कोने ४२ आणि डॅलसने ३३ गुण केल्यावर डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे मुख्य कोच) शॉन देसाई यांच्याकडून प्ले कॉल काढून मॅट पॅट्रिशिया यांना दिले. बातमी आली सिएटलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी! त्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत सिएटलने ९२ यार्डांची चाल रचून २०-१७ ने जिंकलं. मग ३१ डिसेंबरला ॲरिझोनाने आपल्याच मैदानावर ३५ गुण चढवले, आणि ॲरिझोनाचे कोच होते जोनाथन गॅनन, म्हणजे आदल्या वर्षीचे आपलेच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. मैदानाच्या कडेवरून कोचने दिलेला कॉल तो ऐकतो आणि काही सेकंदांत उरलेल्या दहा जणांना सांगतो. कॉलची भाषा, कोणत्या परिस्थितीत काय येणार याचा अंदाज, हे सगळं उन्हाळ्यापासून अंगात मुरलेलं असतं. ते मोसमाच्या पंधराव्या आठवड्यात बदलायचं?

---

पर्पल_बाल्टिमोर

सहमत नाही, आणि माझ्याकडे याच्या बरोबर उलट उदाहरण आहे. १० डिसेंबर २०१२. आमचे बाल्टिमोर रेव्हन्स ९-४ होते, म्हणजे वाईट अजिबात नव्हते. तरी हेड कोच जॉन हारबॉ यांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे मुख्य कोच) कॅम कॅमरन यांना काढलं आणि क्वार्टरबॅक कोच जिम कॉल्डवेल यांच्या हाती प्ले कॉल दिले. मोसमाचे तीन सामने उरले असताना. पहिलाच सामना डेन्व्हरकडून ३४-१७ असा हरलो. गावभर ओरड झाली. हारबॉ हलले नाहीत. पुढे प्लेऑफमध्ये त्याच डेन्व्हरला त्यांच्या घरी दुहेरी ओव्हरटाइममध्ये ३८-३५ असं हरवलं, क्वार्टरबॅक जो फ्लॅकोने संपूर्ण प्लेऑफमध्ये ११ टचडाऊन फेकले आणि एकही इंटरसेप्शन दिलं नाही (एकही पास विरोधकांच्या हाती पडला नाही), आणि सुपर बोल ३४-३१ ने आपला.

"आवाज बदलू नये" हा नियम हारबॉंनी पाळला असता तर ती ट्रॉफी बाल्टिमोरला आलीच नसती. ढासळणाऱ्या युनिटकडे बघत बसणं याला मी संयम म्हणणार नाही. देसाईंच्या बचावाने लागोपाठ दोन सामन्यांत ७५ गुण दिले होते, कोच गप्प बसला असता तर तुम्हीच त्याला सोलून काढलं असतं.

---

साऊथ_जर्सीकर

@पर्पल_बाल्टिमोर, उदाहरण जबरदस्त आहे, पण ते नीट उलगडून पाहा. कॉल्डवेल त्या वर्षी रोज फ्लॅकोच्या शेजारी बसून फिल्म पाहत होते. प्लेबुक तेच राहिलं, कोणता प्ले केव्हा यायचा तेवढं बदललं. शिवाय आक्रमणात चेंडू आपल्या हातात असतो, लय आपण ठरवतो. बचावाला समोरच्याच्या हालचालीला उत्तर द्यायचं असतं, आणि तिथे अर्धा सेकंद अडखळलं की संपलं.

---

पर्पल_बाल्टिमोर

पॅट्रिशियाही बाहेरून आले नव्हते हो, वर्षभर ईगल्सच्याच स्टाफवर होते. मग फरक कुठे पडला? माझ्या मते फरक कोचच्या स्पष्टतेत आहे. हारबॉंनी एक माणूस काढला, एक नेमला, विषय मिटवला. सिरियानींनी देसाईंना पद तेच ठेवून वर बूथमध्ये (स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत) बसवलं आणि कॉल खालून दुसऱ्याने द्यायचे. खेळाडूंनी सोमवारी चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा? बदल करायचाच असेल तर पूर्ण करा.

---

फिजिओ_नाशिक

खेळाडूंच्या शरीरावर काम करणं हा माझा व्यवसाय, म्हणून एक मुद्दा जोडते. प्ले कॉल कोण देतो यावर इतकी चर्चा होते, पण डिसेंबरात कोचच्या हातात शिकवायला वेळच किती उरतो ते पाहा. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून पूर्ण पॅड घालून मोसमात फक्त १४ सराव घेता येतात, आणि त्यातले ११ पहिल्या अकरा आठवड्यांतच संपवावे लागतात. म्हणजे उत्तरार्धासाठी हातात उरतात तीन. टॅकलिंग बिघडलं असेल तर ते तीन सरावांत दुरुस्त होत नाही.

आठवड्याची रचनाही तशीच. रविवारी सामना, सोमवारी फिल्म आणि सूज उतरवणं, मंगळवारी सुट्टी, बुधवार-गुरुवार खरा सराव, शुक्रवारी हलका, शनिवारी नुसतं चालत चालत उजळणी. मधे गुरुवारचा सामना आला की बुधवारी खेळाडूंना धावायलाही लावता येत नाही. लाइनमनच्या घोट्याला, खांद्याला, बोटांना जे लागलेलं असतं ते सप्टेंबरपासून साठत आलेलं असतं. या काळात "आणखी कसून मेहनत घ्या" म्हणणारा कोच मला भीतिदायक वाटतो.

म्हणून साऊथ_जर्सीकरांच्या पहिल्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. सरावातला मार कमी केल्याने खेळ बोथट होतो हा समज डार्टमथ कॉलेजच्या बडी टीव्हन्स यांनी मोडून काढला. त्यांनी २०१० मध्ये आपल्या खेळाडूंनी सरावात एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं. पुढे त्यांच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पळणारा टॅकलिंग डमीही बनवला. संघ नुसता तगला नाही, आयव्ही लीगची (डार्टमथ जिथे खेळतं ती कॉलेज संघांची लीग) विजेतेपदं मिळवली, आणि २०१६ मध्ये आख्ख्या आयव्ही लीगने मोसमातल्या सरावातून पूर्ण टक्कर काढून टाकली.

---

चौथा_डाऊन

सराव हलका करा, माझी हरकत नाही. पण "खेळाडू बसवा" इथे मी ठाम विरोधात आहे.

२७ डिसेंबर २००९. इंडियानापोलिस कोल्ट्स १४-०. जेट्सविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये १५-१० ने पुढे असताना क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला बाहेर काढलं. सामना १५-२९ असा हरले, घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली, आणि अपराजित मोसमाची संधी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिली. तो कोच कोण? हेच जिम कॉल्डवेल! सुपर बोलमध्ये सेंट्सकडून १७-३१ हार. २०११ चे पॅकर्स: १४-१ असताना शेवटच्या सामन्यात क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला विश्रांती, मग घरी जायंट्सकडून २०-३७. २०१९ चे रेव्हन्स: १४-२, क्वार्टरबॅक लमार जॅक्सन २२ डिसेंबरनंतर थेट ११ जानेवारीला मैदानात उतरला आणि टेनेसीने २८-१२ ने हरवलं. वीस दिवस सामना न खेळता वेग तसाच राहील अशी अपेक्षा कशी धरायची?

आता दुसरी बाजू. २००७ चे जायंट्स. प्लेऑफमधली जागा पक्की, शेवटचा सामना अपराजित पेट्रियट्सशी, हरलं तरी फरक शून्य. कोच टॉम कॉफलिन यांनी सगळे मुख्य खेळाडू शेवटपर्यंत खेळवले. ३५-३८ असे हरले. पण पाच आठवड्यांनी त्याच पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये १७-१४ ने हरवलं ते त्या रात्री मिळालेल्या विश्वासावर. संघाची भूक टिकवणं हे कोचचं काम आहे, आणि खेळाडूला "तू आज बस, हा सामना महत्त्वाचा नाही" असं सांगून ती टिकत नाही.

---

फिजिओ_नाशिक

@चौथा_डाऊन, कॉफलिन यांच्या त्या सामन्यात सेंटर शॉन ओहारा यांचा गुडघा दुखावला आणि पुढच्या प्लेऑफ सामन्याला ते मुकले. सुपर बोल जिंकला म्हणून ती किंमत कोणी मोजत नाही. पेट्रियट्सचा वेस वेल्कर २००९ च्या मोसमाच्या अखेरच्या सामन्यात ह्यूस्टनला गुडघा फाडून घेऊन बसला, आणि पुढच्याच रविवारी त्यांचा संघ प्लेऑफमधून बाहेर पडला.

आणि २०११ च्या पॅकर्सचा दोष विश्रांतीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. त्या सामन्याच्या आठवड्यात त्यांचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जो फिलबिन यांचा तरुण मुलगा वारला होता. ड्रेसिंग रूमची काय अवस्था असेल!

---

साऊथ_जर्सीकर

शिवाय २००९ च्या कोल्ट्सनी विश्रांतीनंतर प्लेऑफमध्ये त्याच जेट्सना ३०-१७ ने हरवलं होतं, हे @चौथा_डाऊन यांनी गाळलं. सुपर बोलला पोचलेल्या संघाला गंज चढला होता असं कसं म्हणायचं?

अलीकडचं पाहा. २०२३ मध्ये कॅन्सस सिटी नाताळच्या दिवशी घरी रेडर्सकडून १४-२० ने हरली, सगळे म्हणाले यांचं संपलं. अठराव्या, म्हणजे शेवटच्या, आठवड्यात कोच अँडी रीड यांनी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला बसवलं. पास झेलणाऱ्या ट्रॅव्हिस केल्सीला मोसमात हजार यार्डांसाठी अवघे १६ हवे होते, सलग सात मोसम त्याने हजार ओलांडले होते, तोही बसला. पाच आठवड्यांनी ते सुपर बोल जिंकले.

आणि आपला सॅक्वॉन बार्कली, चेंडू घेऊन धावणारा. २०२४ मध्ये १६ सामन्यांत २,००५ यार्ड. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ चा विक्रम मोडायला फक्त १०१ यार्ड हवे होते, शेवटचा सामना घरी, तोही जायंट्सशी, म्हणजे त्याच्या जुन्या संघाशी. सिरियानींनी त्याला बसवलं. त्या दिवशी मीही हळहळलो. पण दोन आठवड्यांनी रॅम्सविरुद्ध बर्फात त्याने २०५ यार्ड काढले, ६२ आणि ७८ यार्डांचे दोन टचडाऊन. त्याच सिरियानींनी वर्षभरापूर्वी, ७ जानेवारी २०२४ ला, गट जिंकण्याच्या अगदी बारीक आशेवर जायंट्सविरुद्ध मुख्य खेळाडू उतरवले होते. ए. जे. ब्राऊनचा गुडघा गेला, हर्ट्सचं बोट निखळलं, सामना १०-२७ ने गेला, आणि ब्राऊन टॅम्पाच्या सामन्याला नव्हताच. कोच एकच, दोन जानेवारी महिने, दोन निर्णय. मला याहून मोठा पुरावा नको.

---

पर्पल_बाल्टिमोर

पण मग २०२४ मध्ये बदल झाले नाहीत असं कुठे आहे? तुमच्याच संघाने २-२ नंतरच्या बाय वीकमध्ये (सामना नसलेल्या आठवड्यात) पासिंग कमी करून बार्कलीवर भर दिला. कूपर डिजीनला बायनंतरच स्लॉट कॉर्नर (पास अडवणारा बचावपटू) म्हणून पहिली संधी दिली, आणि त्याच पोराने स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी सुपर बोलमध्ये महोम्सचा पास पकडून टचडाऊन केला. हे नवीनच घातलेलं होतं ना?

---

साऊथ_जर्सीकर

होतं, पण ऑक्टोबरात. बाय वीकमुळे दोन सामन्यांमध्ये पूर्ण दोन आठवडे हाताशी असताना. पॅडचे सराव शिल्लक असताना. माझा सगळा आक्षेप वेळेवर आहे. बदल बायमध्ये करा, डिसेंबरात शनिवारी रात्री नको.

---

मोटर_सिटी

डेट्रॉइटकडून एक भर. २०२२ मध्ये लायन्स १-६ होते. कोच डॅन कॅम्पबेल यांनी ऑक्टोबरअखेर डिफेन्सिव्ह बॅक्सचे कोच ऑब्री प्लेझंट यांना काढलं, पण कोऑर्डिनेटर ॲरन ग्लेन यांच्या पाठीशी ते उभे राहिले. उरलेल्या दहापैकी आठ जिंकले, ९-८. शेवटच्या रात्री प्लेऑफची आशा सामन्याआधीच संपली होती, तरी ग्रीन बेला त्यांच्या मैदानावर २०-१६ ने हरवून त्यांनाही घरी बसवलं. त्या सामन्यात कोणाला विश्रांती दिली असती तर आजचा लायन्स संघ घडला नसता असं मी मनापासून मानतो. हरत आलेल्या संघाला उत्तरार्धात जिंकायची सवय लावावी लागते. चौथा_डाऊन यांच्याशी सहमत.

---

शुक्रवारची_आई

तुम्ही सगळे व्यावसायिक संघांबद्दल बोलताय. त्यांच्याकडे ५३ खेळाडू, वर १६ जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड, डॉक्टर, स्कॅन. माझा मुलगा मध्य जर्सीत हायस्कूलमध्ये खेळतो. लहान शाळा, लहान संघ. तो आक्रमणातही खेळतो आणि बचावातही. ऑक्टोबर संपताना निम्मी पोरं लंगडत असतात, आणि बदली खेळाडू म्हणून नववीतलं पोर उभं असतं. तिथे "मुख्य खेळाडू बसवा" म्हणजे सामना सोडून द्या असंच होतं.

न्यू जर्सीने २०१९ मध्ये मोसमातल्या सरावातली पूर्ण टक्कर आठवड्याला ९० मिनिटांवरून १५ मिनिटांवर आणली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण सामन्याच्या दिवशी कोणी बसायचं हा निर्णय कोणाचा, याचं उत्तर अजून गावागावाप्रमाणे बदलतं.

---

चौथा_डाऊन

ताई, इथे मी माझं वरचं म्हणणं लावणार नाही. कॉफलिन यांच्यासमोर पगार घेणारे, करारात संरक्षण असलेले प्रौढ पुरुष होते. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःहून "मला बसवा" कधीच म्हणणार नाही, आणि त्याची भूक टिकवायची गरजच नसते, ती जास्तच असते. १५ मिनिटांच्या नियमाबद्दल मात्र एक काळजी आहे: टॅकल करताना डोकं बाजूला ठेवायला मुलं शिकणार कधी? ते ऑगस्टमध्येच पक्कं झालं पाहिजे.

---

फिजिओ_नाशिक

डमीवर शिकतात, आणि चांगलं शिकतात. डार्टमथचा सगळा धडा तोच आहे. डोक्याची जागा आणि पायांची पावलं शिकवायला समोर मित्राची छाती लागत नाही.

---

शुक्रवारची_आई

आमच्याकडे यंदा पालकांनी मिळून एकच मागणी लावून धरली आहे: शुक्रवारी कोण खेळणार नाही हे शाळेचा ॲथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा) गुरुवारी दुपारी ठरवेल, आणि कोचला ते बदलता येणार नाही. कोच चांगले आहेत, मुलांवर जीव आहे त्यांचा. पण ६-२ असताना, गटाचं विजेतेपद एका सामन्यावर असताना, ज्याला जिंकायचं आहे त्याच्यावर हा निर्णय टाकणं कोचवरही अन्याय आहे. पुढच्या मंगळवारी शाळेच्या बोर्डाची बैठक आहे. ज्यांच्या जिल्ह्यात असा नियम आधीच लागू आहे त्यांनी तो कसा लिहिला आहे ते कृपया इथे टाका.