जपानला लेकरांना घेऊन जाताना: मदत करणाऱ्यांचे आभार मानायचे कसे?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात बारा दिवस तोक्यो, क्योतो, ओसाका ठरलंय. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, बरोबर स्ट्रोलर. तिकडचे लोक लहान मुलं पाहिली की धावून मदत करतात असं सगळेच सांगतात. पण टिप दिली तर अपमान समजतात, हेही सगळेच सांगतात. मग परतफेड कशाने करायची? बाकरवडी आणि चिक्कीची छोटी पाकिटं न्यायचा विचार आहे, पंचवीस-तीस. दुसरं म्हणजे, अनोळखी आज्या मुलांच्या हातावर गोळ्या ठेवतात म्हणे. नको म्हटलं तर राग येतो का? आणि एका रात्रीसाठी र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईतही, राहणार आहोत, तिथली रीत काय?

मावळतीकर:
निशिगंधताई, आधी शब्द, मग वस्तू. ‘आरिगातो’, म्हणजे धन्यवाद, सगळे पाठ करून जातात, पण रस्त्यात सगळ्यात जास्त कामाला येतो तो ‘सुमिमासेन’. त्याचा अर्थ ‘माफ करा’ एवढाच नाही, ‘तुम्हाला माझ्यामुळे तसदी पडली’ असाही आहे. कोणी दार धरून ठेवलं, जागा दिली, खाली पडलेला मोजा उचलून आणून दिला, तर पहिला शब्द सुमिमासेन आणि मान किंचित खाली. मदत चालू असेल तर ‘आरिगातो गोझाइमासु’. पार पडली, माणूस निघाला, तर ‘आरिगातो गोझाइमाश्ता’, म्हणजे भूतकाळ. ‘गोझाइमासु’मधला शेवटचा उ जवळजवळ गिळायचा. आणि खरंच अडला हरी असताना कोणी सोडवलं तर ‘तासुकारिमाश्ता’, म्हणजे ‘सुटलो बुवा, तुमच्यामुळे’. परक्याच्या तोंडून हा शब्द आला की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पाच वर्षांच्या मुलीला यातला एकच शब्द शिकवा आणि तो तिलाच म्हणू द्या. तिच्या तोंडचा एक शब्द तुमच्या तीन वाक्यांना भारी पडेल.

टिपचं म्हणाल तर अपमान वगैरे नाही, गोंधळ होतो. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर तुम्ही विसरलात असं समजून वेटर रस्त्यापर्यंत धावत येतो. म्हणजे आभार मानायला गेलात आणि त्याचं काम वाढवलंत.

पोटभाडेकरू:
चिक्कीला माझा ठाम विरोध. शेंगदाणा हा तिथे पाकिटावर छापणं सक्तीचं असलेल्या ॲलर्जी-घटकांपैकी एक आहे (बाकीच्यांत अंडं, दूध, गहू, सोबा म्हणजे कुट्टू, कोळंबी, खेकडा, अक्रोड वगैरे). शिवाय पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे, सुकामेवा देऊ नका असा तिथल्या सरकारच्या ग्राहक विभागाचाच सल्ला आहे, श्वासनलिकेत अडकतात म्हणून. समोरच्या बाईंच्या घरी नातवंडं असतील तर त्यांना ते पाकीट ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही. बाकरवडीचंही तेच, पाकिटावर जपानीत काहीच लिहिलेलं नसतं, आत काय आहे कळणार कसं? मांसाचा कुठलाही पदार्थ आणि ताजी फळं-भाज्या तर विमानतळावरच अडतात, कढीपत्ता धरून.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिथे भेटीला ‘ओकाएशी’ लागते, म्हणजे उलट भेट. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत ना, तसंच, फक्त जास्त काटेकोर. रेल्वेत दोन स्टेशनांपुरत्या भेटलेल्या माणसाला तुम्ही वस्तू दिलीत तर तो उलट काही देऊ शकत नाही, आणि ते ओझं घेऊन उतरतो. म्हणून वाटेतल्या मदतीला वस्तू नको, शब्द पुरे. वस्तू द्यायची ती जिथे दोन-चार दिवस संबंध आला त्यांना: घरमालकीणबाई, रोज नाश्ता वाढणाऱ्या काकू, मुलांशी खेळलेले शेजारी. पंचवीस नव्हे, सहा-सात पुरेत.

काय न्यावं? हलकं, सपाट, न खाण्याचं. वारलीचे पोस्टकार्ड-आकाराचे कागद उत्तम. वारली तिकडे अगदीच अनोळखी नाही, नीगाता प्रांतात तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात मधुबनीबरोबर वारली चित्रंही आहेत. सावंतवाडीच्या गंजिफाची बुकमार्क चालतील. चार किंवा नऊ नगांचा संच टाळा, चारचा उच्चार ‘मृत्यू’सारखा, नऊचा ‘यातने’सारखा. दोन्ही हातांनी द्या. समोर उघडली नाही म्हणून खट्टू होऊ नका, मागाहून उघडायची तिकडची जुनी रीत आहे.

निशिगंध:
बापरे, चिक्की बाद. स्ट्रोलरचं कोणी सांगेल का? जिन्यावर कोणी हात लावला की मला भीतीच वाटते.

रुळावरचा:
भीती रास्त आहे. मदतीला येणारा माणूस जे दिसेल ते धरतो, आणि स्ट्रोलरचं जे पहिलं हाताला लागतं तो मुलासमोरचा आडवा दांडा असतो. बऱ्याच मॉडेलांत तो बटण दाबून निघणारा असतो. वजन आलं की निसटतो. म्हणून क्रम असा: आधी हँडलला अडकवलेल्या पिशव्या काढा, कारण मूल उचललं की पुढचं वजन जातं आणि स्ट्रोलर मागे कोलमडतो. मग मूल कडेवर. मग घडी घालून लॉकचा टक् आवाज ऐका. मगच समोरच्याला पुढच्या चाकांवरची नळी हाताने दाखवा. छत धरू देऊ नका. एवढं करायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट समोरचा शांत उभा राहतो, घाई करत नाही.

मोठ्या स्टेशनांत लिफ्ट असते, फक्त फलाटाच्या एका टोकाला. तोपर्यंत चालत जाणं हाही एक प्रकारे लोकांना त्रास न देणंच आहे. डब्यात स्ट्रोलर उघडा ठेवायला हरकत नाही, २०१४ पासून त्यासाठी देशभर एकच खूण ठरलेली आहे. गर्दीच्या वेळी मात्र घडी घाला. सीटवर मूल उभं करायचं असेल तर बूट काढा. जागा देणारा उठून समोरच उभा असतो, आणि त्याच्या जागेवर मातीचे बूट म्हणजे आभारांवर बोळाच.

तोकाइदो शिन्कान्सेनच्या, म्हणजे तोक्यो-ओसाका बुलेट ट्रेनच्या, अकरा नंबरच्या डब्यात एक बहुउद्देशीय खोली असते. रिकामी असेल तर बाळाला पाजायला कंडक्टर उघडून देतो. दारावर धडका मारू नका, कंडक्टरला विचारा.

रेल्वे कर्मचारी आणि पोलीस काहीही घेत नाहीत, गोळीसुद्धा. त्यांच्यासाठी एकच गोष्ट उपयोगी पडते: कंपनीच्या संकेतस्थळावर अभिप्रायाचा फॉर्म. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, डबा, छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि ‘यांनी नेमकं काय केलं’ हे दोन ओळींत. ‘सगळे फार छान होते’ असं लिहिलंत तर ते कोणापर्यंतच पोचत नाही. त्याच दिवशी लिहा, डब्याचा नंबर दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

मावळतीकर:
गोळ्यांचं राहिलं. ओसाकात ते खासच, तिथल्या बायकांच्या पिशवीत गोळ्या असतातच आणि त्या गोळ्यांना लाडाने ‘आमे-चान’ म्हणतात. नाही म्हणू नका, घ्या. दोन्ही हातांनी घेऊन ‘आतो दे इतादाकिमासु’, म्हणजे ‘मागाहून खाऊ’, आणि पिशवीत. दीड वर्षाच्या मुलाला कडक गोळी कुठल्याही देशात नकोच, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, गमीमध्ये बहुधा डुकराचं जिलेटिन असतं आणि तांदळाच्या सेन्बेई बिस्किटांना अनेकदा वाळवलेल्या माशाचा अर्क लावलेला असतो. तेही घ्यायचं, खायचं की नाही ते खोलीवर ठरवायचं.

कौलारू:
र्‍योकानबद्दल. बिलात सेवाशुल्क असतं, त्यामुळे वेगळे पैसे बंधनकारक नाहीत. पण लहान मुलं म्हणजे सांडलवंड, ओली गादी, वेगळं जेवण. अशा वेळी खोलीवर नेणाऱ्या नाकाइ-सानना (खोलीची देखभाल करणाऱ्या बाई) ‘कोकोरोझुके’, म्हणजे आभाराची छोटी रक्कम, द्यायची पद्धत आहे, १,००० ते ३,००० येन. खोलीत पोचल्यावर, चहा होताना द्या, निघताना नाही.

नोट उघडी देऊ नका. ‘पोचिबुकुरो’ नावाची चिमुकली पाकिटं शंभर येनच्या दुकानात मिळतात. इथेच लोक फसतात: शेजारच्याच खणात काळ्या-पांढऱ्या दोऱ्याची पाकिटं असतात, ती अंत्यविधीची. फुलं, प्राणी, लाल रंग असलेलं घ्या. आपलं एक रुपया चिकटवलेलं आहेराचं पाकीट नेऊ नका, नाणं बघून त्या विचारात पडतील. त्या एकदा-दोनदा नको म्हणतील. तिसऱ्यांदाही म्हणाल्या तर ठेवून द्या, बऱ्याच ठिकाणी घ्यायची मनाईच असते.

रुळावरचा:
आणखी एक, कारण लेकरांबरोबर काहीतरी हरवतंच. पाकीट किंवा फोन सापडून कोबानवर, म्हणजे पोलीस चौकीत, जमा झाला तर कायद्याने सापडवणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के मागता येतात. स्टेशन किंवा दुकानाच्या आत सापडलं असेल तर त्याच्या निम्मे. पण बरेच जण हा हक्क आधीच सोडून देतात. ‘हक्क सोडलाय का’ हे पोलिसांना विचारा. सोडला असेल तर पैसे पुढे करून त्याला अडचणीत टाकू नका. संपर्काला त्याची संमती असेल तर पोलीस नाव-पत्ता देतात, मग कार्ड पाठवा. देशांतर्गत पोस्टकार्डाला ऑक्टोबर २०२४ पासून ८५ येनचं तिकीट लागतं, ते कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातही, मिळतं. पत्त्यात सात आकडी पिनकोड विसरू नका. जपान सोडायच्या आधी टाका, नाहीतर घरी आल्यावर ते कार्ड बॅगेतच राहतं.

निशिगंध:
वारलीची कोरी कार्डं आजच मागवते. मागच्या बाजूला मुलीला सुमिमासेन लिहायला लावू की आरिगातो?

मावळतीकर:
कार्डावर आरिगातो. आणि अक्षर वाकडंतिकडं असू द्या, गिरवून देऊ नका.